फटकळ माणसाने नीट बोलायला कसं शिकावं: बायबल हाताशी धरून

सासरी आल्यावर वर्षभरात माझी ओळख ठरून गेली: ‘फटकळ आहे, पण मनाची चांगली.’ पुढे पुढे लोक त्यातला दुसरा भाग म्हणेनासे झाले, आणि ते माझ्या लक्षात यायला बावीस वर्षं लागली. आमचं घर अहिल्यानगर जिल्ह्यातलं (आम्ही अजून नगरच म्हणतो), तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. रविवारची उपासना चुकत नाही, भिंतीवर वचनांचं कॅलेंडर आहे, घरात तीन बायबलं आहेत. जिभेविषयीची वचनं मला तोंडपाठ होती. ती मी दुसऱ्यांना ऐकवायचे.

गेल्या पाच वर्षांत थोडा फरक पडलाय. तो उपदेश ऐकून पडला नाही, वहीत चुका लिहून पडला. चर्चच्या मंडळीतल्या दोघी-तिघी विचारतात, ‘वहिनी, तुम्ही नेमकं केलं काय?’ त्यांच्यासाठी आणि ज्यांनी बायबल अजून नीट उघडलेलंही नाही त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे. ख्रिस्ती नसलात तरी काही अडत नाही. बायबलच्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकातली निम्मी वचनं कुणाच्याही आजीच्या तोंडी शोभतील.

एक आधीच सांगून टाकते. गोडगोड बोलायला शिकायचं असेल तर हा लेख कामाचा नाही. तोंड लोण्यासारखं मऊ आणि मनात लढाई, अशा माणसाची तक्रार बायबलच्या ५५ व्या स्तोत्रात आहे. आपल्याला लोणी लावायचं नाहीये.

काय काय लागेल

- मराठी बायबल. नीतिसूत्रे आणि याकोबाचं पत्र एवढं पुरे. पुढे ‘याकोब १:१९’ असं दिसलं की अध्याय १, वचन १९ असं वाचा. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, म्हणून बरेच जण तारखेप्रमाणे रोज एक वाचतात. नवख्यांनी १० व्या अध्यायापासून सुरुवात करावी. पहिले नऊ म्हणजे बापाने मुलाला केलेली लांबलचक भाषणं आहेत, सुटी सुटी वचनं दहापासून लागतात. याकोबाचं पत्र पाचच अध्यायांचं आहे, चहा निवायच्या आत वाचून होतं.
- भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतलं भाषांतर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षं खपून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून भाषांतर केलं, ते साध्यासुध्या माणसाला कळावं म्हणूनच. त्या गेल्यानंतर १९२४ मध्ये ते छापून आलं.
- शंभर पानी वही. फोनमध्ये लिहू नका. फोन हातात घेतला की वही राहते बाजूला आणि आपण ग्रुपवर.
- खरं सांगणारं एक माणूस. माझ्या बाबतीत मोठ्या जाऊबाई. त्यांना सांगून ठेवलं होतं, ‘मी घसरायला लागले की बांगड्या वाजवा.’ पहिल्या महिन्यात त्यांच्या दोन बांगड्या वाढवल्या.

पायरी १: आठवडाभर फक्त लिहा, सुधारू नका

वहीत तीन रकाने आखा: कोणाला, काय, किती वाजता. ‘नवऱ्यावर ओरडले’ असं मोघम लिहू नका. तोंडातून निघालेले शब्द जसेच्या तसे लिहा. ‘डोळे आहेत का बटणं?’ हे कागदावर उतरलं की फार वाईट दिसतं, आणि ते दिसायलाच हवं.

माझ्या पहिल्या आठवड्यात एकतीस नोंदी झाल्या. त्यातल्या एकोणीस सकाळी साडेसहा ते आठच्या मधल्या, म्हणजे डब्याच्या वेळेच्या. उरलेल्या बहुतेक संध्याकाळी बसमधून उतरल्यावरच्या. मी शाळेच्या ऑफिसात काम करते. तिथली नोंद एकही नव्हती! पालकांशी मी साखर, घरच्यांशी मिरची. एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी निघतं का, असं याकोब ३ मध्ये विचारलं आहे. माझ्या झऱ्यातून निघत होतं, वेळापत्रकाप्रमाणे.

हे कळल्यावर जो पहिला उपाय केला तो ऐकायला अगदीच अनाध्यात्मिक आहे: भाजी रात्री चिरून ठेवायला लागले आणि मुलाला स्वतःची बाटली स्वतः भरायला लावली. सकाळच्या नोंदी निम्म्यावर आल्या. बायबलला हे मान्य असावं. ‘१ राजे’ नावाच्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून झुडपाखाली आडवा होतो आणि ‘आता मरू दे’ म्हणतो. देवदूत येतो, पण उपदेश करत नाही. ‘ऊठ, खा,’ एवढंच म्हणतो. एलीया खाऊन परत झोपतो, देवदूत परत उठवून जेवायला घालतो. बोलणं त्यानंतर.

खाचखळगा: पहिल्याच दिवशी ‘आजपासून मी कुणाला काही बोलणार नाही’ अशी शपथ घेणं. ती तिसऱ्या दिवशी मोडते आणि मग व्याजासकट निघतं.

पायरी २: वाक्य पुरं होऊ द्या

ऐकायला चपळ, बोलायला सावकाश, रागवायला सावकाश, असा क्रम याकोब १:१९ मध्ये दिला आहे. आणि नीतिसूत्रे १८:१३ म्हणतं की ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आहे आणि लाजही. लाज कशी वाटते ते सांगते.

मुलगा म्हणाला, ‘मम्मी, तो डबा…’
‘हरवलास ना?’
‘नाही…’
‘मग फोडलास. मला माहीतच होतं. तीनशे रुपयांचा डबा!’
त्याने दप्तरातून डबा काढून ओट्यावर ठेवला. झाकणाची कडी तुटली होती. सकाळी घाईत मीच आपटून लावली होती.

सराव असा करा. समोरच्याचं वाक्य संपलं की एक श्वास, आणि मग उत्तराऐवजी एक प्रश्न. तो प्रश्न ‘का’ने सुरू करू नका. ‘का केलंस?’ म्हटलं की पोलीस चौकीत बसल्यासारखं होतं, समोरचा लगेच बचावाला लागतो. ‘काय झालं?’ म्हटलं तर माणूस सांगतो. एवढ्या एका शब्दाचा फरक आहे, पण तो अंगवळणी पडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पायरी ३: मऊ उत्तर शिका (इथे जरा थांबू)

मऊ उत्तराने राग निवतो, कठोर शब्दाने भडकतो. नीतिसूत्रे १५:१ चा हा आशय निम्म्या ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर फ्रेम करून लावलेला असतो, तरी मऊ उत्तर म्हणजे नेमकं काय ते कुणी सांगत नाही. मला वाटायचं, आवाज खाली आणायचा. आवाज खाली आणून मी जे बोलायचे ते जास्त लागायचं, असं आमच्या ह्यांचं मत आहे.

मला ते उलगडलं शास्ते नावाच्या पुस्तकात. एरवी ते मारामाऱ्यांचं पुस्तक. आठव्या अध्यायात इस्राएलचा सेनानायक गिदोन शत्रू मिद्यानी लोकांवर मोठा विजय मिळवून आलाय, आणि इस्राएलच्याच एफ्राईम वंशाची माणसं त्याच्याशी कडाक्याचं भांडण काढतात: ‘लढाईला आम्हाला का बोलावलं नाहीस?’ हा खास आपल्याकडचा रुसवा आहे. लग्नात पत्रिका उशिरा पोचली की जो होतो तोच. गिदोन म्हणू शकला असता, ‘बोलावलं असतं तर आला असतात का?’ त्याऐवजी तो म्हणतो, ‘तुमच्यापुढे मी असं काय केलं? एफ्राईमाच्या द्राक्षमळ्यात वेचून उरलेली फळंसुद्धा आमच्या अबियेजेर कुळाच्या सगळ्या हंगामापेक्षा सरस. मिद्यानाचे दोन सरदार तर देवाने तुमच्याच हाती दिले.’ तिसऱ्या वचनात लिहिलंय की हे ऐकून त्यांचा राग उतरला.

उत्तर सुटं करून बघा. तो त्यांचं म्हणणं खोडत नाही. स्वतःला एक पायरी खाली घेतो. आणि त्यांचं जे कौतुक करतो ते खरं आहे, ते सरदार त्यांनीच पकडले होते. खोटी स्तुती केली असती तर ती खुशामत झाली असती. मऊ उत्तराचे मसाले एवढे तीन.

आता बाराव्या अध्यायात जा. तोच एफ्राईम वंश, तोच रुसवा, समोर मात्र इस्राएलचा दुसरा सेनानायक, इफ्ताह. एफ्राईमी लोक या वेळी जास्त चढून बोलतात, ‘तुझं घर तुझ्यासकट जाळू’ म्हणतात, हे खरं आहे. इफ्ताह उत्तर देतो ते तथ्याला धरून आहे: मी बोलावलं होतं, तुम्ही आला नाहीत. बरोबर, पण एक शब्दही मऊ नाही. शेवट यार्देन नदीच्या उतारांवर होतो. तिथे पळून जाणाऱ्याला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावतात, एफ्राईमींना ‘शि’ नीट म्हणता येत नसे, म्हणून ‘सिब्बोलेथ’ म्हणाला की एफ्राईमी म्हणून कापतात. बेचाळीस हजार माणसं गेली असं लिहिलंय. इफ्ताहाचं म्हणणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. मीसुद्धा भांडणात बहुतेक वेळा बरोबरच असायचे.

आणि गिदोनालाही डोक्यावर घेऊ नका. त्याच आठव्या अध्यायात पुढे तो नि त्याची माणसं दमलेली, भुकेली आहेत, सुक्कोथ गावाने भाकरी नाकारली, तर परत येऊन त्याने तिथल्या वडीलधाऱ्यांना काटेरी झुडपांनी फोडून काढलं. परत भुकेचाच मामला! पहिली पायरी सोडू नका म्हणते ती म्हणून.

घरात रोज उपयोगी पडतील अशा काही अदलाबदली माझ्या वहीतून:

- ‘कितीदा सांगायचं तुला?’ ऐवजी ‘परत सांगते, हे आज संध्याकाळपर्यंत हवंय.’
- ‘तुम्हाला कशाचं काही पडलेलंच नाही’ ऐवजी ‘आज बिल भरायचं राहिलं, मला टेन्शन आलंय.’
- ‘तुमच्या आईंना कोण सांगणार!’ या वाक्याला पर्याय सापडलेला नाही. ते गिळायचं.

‘नेहमी’, ‘कधीच’ आणि ‘तुमच्याकडचे’ हे तीन शब्द महिनाभर बंद ठेवून बघा.

पायरी ४: कुजकं ओळखायला शिका

इफिसकरांस पत्रात ४:२९ ला प्रेषित पौल म्हणतो, तुमच्या मुखातून कसलंच ‘कुजके भाषण’ न निघो. मूळ ग्रीक शब्द ‘साप्रोस’. नासकी फळं आणि जाळ्यात आलेली टाकाऊ मासळी यांच्यासाठी नव्या करारात (बायबलच्या दुसऱ्या भागात) हाच शब्द आलाय. इंग्रजीवाल्यांना हे वचन समजावून सांगावं लागत असेल, आपल्याला नाही. ‘कुजकट बोलते’ म्हटलं की गावात कुणाबद्दल चाललंय तेसुद्धा कळतं.

शिवी ओळखता येते. कुजकं बोलणं चटकन ओळखू येत नाही, कारण ते टोमण्याच्या, थट्टेच्या नाहीतर काळजीच्या कपड्यात येतं. ‘आज लवकर उठलात, तब्येत बरी आहे ना?’ यात वाईट शब्द दाखवा बरं एक तरी. वास मात्र येतो.

माझा स्वतःचा प्रसंग इथे सांगायला हवा. नाताळाच्या आधी आमच्या मंडळीतल्या बायका चर्चच्या मागच्या खोलीत एकत्र फराळ करतात. एक नवीन लग्न झालेली मुलगी पहिल्यांदाच आली होती, बडबडी, हसरी. ती करंज्या भरत होती, मी तळत होते. कडेला दूध नीट लागलं नव्हतं, त्यामुळे करंज्या तेलात फुटायला लागल्या. सारण बाहेर, तेल काळं. मी झारा वर धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘हिच्या करंज्यांची तोंडंसुद्धा हिच्यासारखीच, मिटतच नाहीत!’

खोली खदखदून हसली. तीही हसली. मग तिने पुढची करंजी घेतली आणि अंगठ्याने कड दाबत बसली, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. पारी फाटेपर्यंत. त्या दिवशी ती पुढे एक शब्द बोलली नाही, आणि त्यानंतर बायकांच्या सभेला येईनाशी झाली.

‘गंमत केली हो’ हे माझं उत्तर तयार होतं. ते बायबलमध्येही तयार आहे. शेजाऱ्याला फसवून ‘मी तर थट्टा करत होतो’ म्हणणारा माणूस म्हणजे जळते बाण सोडणारा वेडा, असं नीतिसूत्रे २६:१८-१९ सांगतं. ते वाचलं त्या रात्री मी वही मिटून ठेवली, चार दिवस उघडली नाही.

चाळणी त्याच इफिसच्या वचनात दिली आहे. बोलायच्या आधी दोन गोष्टी बघा: याची आत्ता गरज आहे का, आणि ऐकणाऱ्याचं यात काही भलं होईल का? करंज्यांना गरज होती. ‘कडेला जरा जास्त दूध लाव गं’ एवढं तिच्या कानाशी म्हटलं असतं तर करंज्याही वाचल्या असत्या.

पायरी ५: खरं सांगायचंच असेल तर जागा आणि वेळ बघा

‘मी बाई स्पष्टवक्ती, मनात काही ठेवत नाही.’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी येतं त्यांनी ही पायरी दोनदा वाचावी. स्पष्ट बोलू नका असं शास्त्रात कुठेही नाही. उलट मित्राने केलेली जखम बरी, असं नीतिसूत्रे २७:६ म्हणतं. प्रश्न कुठे आणि केव्हा, एवढाच असतो.

कुठे, याचं उत्तर मत्तय १८:१५ मध्ये आहे. भावाने तुझा अपराध केला तर तुम्ही दोघंच असताना त्याची चूक त्याला दाखव. दोघंच. व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे चावडी. तिथे ‘काही जणांना वेळेचं भान नसतं’ असं नाव न घेता टाकणं हे मत्तयाच्या बरोबर उलट.

केव्हा, ते अबीगईलकडून शिकावं (१ शमुवेल २५). नवऱ्याने, नाबालने, पुढे राजा झालेल्या दावीदाच्या माणसांचा अपमान केला आणि दावीद चारशे माणसं घेऊन चाल करून निघाला. हिने दोनशे भाकऱ्या, पाच मेंढरांचं तयार मटण, मनुका नि अंजिराच्या ढेपा गाढवांवर लादून पुढे पाठवल्या आणि बोलायला नंतर गेली. सगळ्यांचा जीव वाचला. घरी आली तर नाबाल पिऊन तर्र. इतकं सगळं घडून गेलेलं, तरी ती सकाळपर्यंत अवाक्षर बोलली नाही. नशा उतरल्यावर सांगितलं. मी तिच्या जागी असते तर दारातूनच सुरुवात केली असती.

कसं, याला नाथान संदेष्टा. दावीदाने दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलं. राजाला हे सांगायचं कसं? नाथानाने गरिबाच्या एकुलत्या एक कोकराची गोष्ट सांगितली, दावीदालाच राग येऊ दिला आणि मग म्हणाला, तो माणूस तूच. गोष्ट मऊ होती, शेवटचं वाक्य मुळीच मऊ नव्हतं.

जाता जाता: मोठ्या आवाजात सकाळी सकाळी शेजाऱ्याला आशीर्वाद देणं हे शापासारखं आहे, असं नीतिसूत्रे २७:१४ म्हणतं. पहाटे पाचला पंचवीस ग्रुपांवर फुलांचे फोटो टाकणाऱ्या आमच्या नातेवाइकांना हे वचन पाठवावं असं फार वाटतं. पाठवलेलं नाही.

पायरी ६: ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’

मंडळीतल्या लोकांसाठी खास खाचखळगा. ‘अमक्याच्या मुलासाठी प्रार्थना करा, तसलं काहीतरी लफडं आहे म्हणे’ ही चुगली आहे. डोळे मिटून केली म्हणून ती प्रार्थना होत नाही. लाकूड संपलं की आग विझते, चुगलखोर नसला की भांडण मिटतं (नीतिसूत्रे २६:२०). उपाय साधा: नाव नि तपशील न सांगता प्रार्थना मागता येते का बघा. येत नसेल तर ती बातमीच होती.

पायरी ७: दुःखाच्या घरी कमी बोला

बायबलमधल्या ईयोबावर दुःखाचा डोंगर कोसळला, तेव्हा त्याचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस नि सात रात्री जमिनीवर बसून होते, एक शब्द न बोलता. तिथवर ते आदर्श होते. तोंडं उघडली आणि पुढचे कितीतरी अध्याय त्यांनी त्याला छळलं. दुःखी माणसापुढे गाणी म्हणणं म्हणजे थंडीत अंगावरचं पांघरूण ओढून घेणं, असं नीतिसूत्रे २५:२० मध्ये आहे. म्हणून ‘देवाची इच्छा’, ‘सुटले बिचारे’, ‘धीर धर’ हे दारातच सोडा. पिठलं-भाकरी घेऊन जा, बसा, भांडी घासा.

पायरी ८: मऊ बोलणं म्हणजे मार खाणं नव्हे

हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण ही वचनं बायकांवर काठीसारखी वापरलेली मी पाहिली आहेत. ‘मृदू उत्तर दे, म्हणजे तो मारणार नाही’ असा सल्ला एका बाईला दिला गेला. ती गप्प राहिली आणि मार चालूच राहिला. नीतिसूत्रांचा शेवटचा, ३१ वा अध्याय ‘सद्गुणी स्त्री’साठी सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या आठव्या-नवव्या वचनात काय आहे ते कमी लोक वाचतात: जो मुका आहे त्याच्यासाठी तोंड उघड, दीनदुबळ्याचा न्याय कर. येशूला चौकशीच्या वेळी एका शिपायाने चपराक मारली तेव्हा त्याने शिवी दिली नाही, पण गप्पही बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर दाखवून दे, बरं बोललो असेन तर मला का मारतोस, असं विचारलं (योहान १८:२३). घरात हिंसा असेल तर ही वही बाजूला ठेवा आणि मदत मागा. महिलांची हेल्पलाइन १८१, पोलीस ११२.

पायरी ९: चुकलं तर माफी, आणि ती नीट

चुकणार आहातच. याकोब स्वतः म्हणतो की जीभ कुणा माणसाला वश करता येत नाही. मत्तय ५:२३-२४ मध्ये तर क्रमच उलटा करून टाकलाय: वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. म्हणजे प्रभूभोजनाच्या रांगेतून मागे फिरायचं.

करंज्यांच्या त्या मुलीकडे जायला मला आठ महिने लागले. पहिल्या वेळी चर्चच्या फाटकाजवळ गाठलं आणि म्हणाले, ‘अगं, तुला माझं बोलणं लागलं असेल तर सॉरी हं, माझ्या मनात तसं काही नव्हतं.’ ती म्हणाली, ‘नाही हो काकू, काही नाही,’ आणि स्कूटी चालू केली. घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं, माफी मागून आले. त्यांनी काय म्हणालीस ते शब्द विचारले. मी सांगितले. त्यांनी बांगड्या वाजवल्या.

माफीतले खाचखळगे तीन, मी एकाच वाक्यात दोन गाठले होते:

- ‘लागलं असेल तर’. लागलं होतं. ‘तर’ म्हटलं की शंका तिच्या मनावर जाते, आपल्या शब्दावर नाही.
- ‘माझ्या मनात तसं नव्हतं’. ही स्वतःची वकिली झाली.
- ‘पण’. त्यापुढे जे येतं ते ऐकणाऱ्याला ठळक ऐकू येतं, आधीचं सगळं पुसलं जातं.

दुसऱ्यांदा मी तिच्या घरी गेले, तिच्या सासूबाई बाजाराला गेल्याचं बघून. म्हणाले, ‘सगळ्यांसमोर मी तुझी करंजीवरून थट्टा केली. चुकलं माझं. तू शिकायला आली होतीस आणि मी तुला हसण्यावारी नेलं.’ आणि गप्प बसले. हे गप्प बसणं फार अवघड असतं, पुढे काहीतरी गोड जोडावंसं वाटतं. ती बराच वेळ ओट्याकडे बघत होती. मग म्हणाली, ‘चहा ठेवते.’ चहात आलं जास्त झालं होतं. मी सांगितलं नाही.

गेल्या नाताळात ती फराळाला आली. पलीकडच्या शेगडीपाशी, माझ्याकडे पाठ करून तळायला बसली. मी लाटत होते. मधेच माझ्याकडचं दूध संपलं, तेव्हा तिने मागे न बघताच आपली वाटी माझ्याकडे सरकवली. मी बोट बुडवलं आणि कड चिकटवायला घेतली.